सुईची भीती वाटते? तरीही घरी शुगर तपासता येते

शुगरचं मशीन घरी नेलेल्या काहीजणांचं मशीन कपाटातच पडून असतं. विचारलं की आधी म्हणतात "वेळ मिळत नाही", मग हळूच सांगतात, सुई बघितली की पोटात गोळा येतो. खानापूर-निपाणीकडचे, उसात कोयता लागला तरी फडकं बांधून पुढे काम करणारे लोकही हेच सांगतात. तेव्हा लाजू नका.

औषध दुकानाच्या काउंटरवरचं आमचं निरीक्षण असं की बहुतेकांना दुखण्यापेक्षा सुई दिसण्याचीच धास्ती जास्त असते. त्यामुळे उघडी सुई हातात धरून कधीच टोचू नका. बोट टोचायच्या पेनमध्ये सुई आतच राहते, खटका दाबला की क्षणभर बाहेर येऊन परत जाते. ज्यांना पेनात सुई बसवतानाही घाम फुटतो त्यांनी सेफ्टी लॅन्सेट मागावी. ती एकदाच वापरायची, सुई आधीही दिसत नाही आणि नंतरही नाही. थोडी महाग पडते, पण मशीन कपाटात राहण्यापेक्षा हे बरं.

सुईवर 28, 30, 33 असे आकडे असतात. आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक. मात्र शेतात राबून हात कडक झाले असतील तर 33 नेऊ नका. रक्त येत नाही, मग तीन-तीनदा टोचावं लागतं आणि भीती दुप्पट होते. अशांना 28 किंवा 30 च बरी. पेनाची खोली 1 किंवा 2 वर ठेवून सुरुवात करा, गरज पडली तरच वाढवा.

टोचायचं बोटाच्या कडेला, मधोमध नाही. मधल्या गादीवर जास्त झोंबतं. अंगठा आणि तर्जनी रोजच्या कामाला लागतात, ती सोडून बाकीची बोटं आलटून पालटून घ्या. आधी कोमट पाण्याने साबण लावून हात धुवा, नीट पुसा आणि थोडा वेळ खाली लोंबते सोडा, म्हणजे थेंब सहज येतो. बोट पिळून रक्त काढलं तर आकडा चुकू शकतो. हात धुण्याचा कंटाळा करू नका: बोटाला कुंद्याचा किंवा गुळाचा चिकटपणा राहिला तर मशीन त्याचीही साखर मोजतं. स्पिरिट लावलं असेल तर ते पूर्ण वाळू द्या.

रक्त बघून चक्कर येते?

काहींचा रक्तदाब अशा वेळी एकदम खाली येतो. त्यांनी खुर्चीत नाही, पलंगावर आडवं होऊन तपासावं. टोचण्याआधी पाय, पोट आणि दुसऱ्या हाताचे स्नायू 10 ते 15 सेकंद घट्ट आवळा, चेहरा गरम वाटला की सैल सोडा, अर्ध्या मिनिटाने पुन्हा. असं पाचेक वेळा करा. टोचायचा हात मात्र सैलच ठेवा. घरातल्या कुणी टोचलं आणि तुम्ही खिडकीबाहेर बघितलंत तरी चालतं.

दंडाला चिकटवायचा सेन्सरही मिळतो. तो लावताना एकदाच टोचतो, सुई बाहेर निघते आणि केसासारखा बारीक तंतू आत राहतो. साधारण 14 दिवस चालतो. खर्चिक आहे, आणि आकडा रक्तापेक्षा काही मिनिटं मागे असतो, त्यामुळे अंगाला जे जाणवतं त्याच्याशी आकडा जुळला नाही तर बोटावर तपासणं आलंच. न टोचता शुगर सांगणारी घड्याळं आणि अंगठ्या आम्ही विकत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये अशा वस्तूंपासून सावध राहायला सांगितलं आहे.

विनाकारण टोचूही नका. लॅबचा आकडा 200 आणि मशीनचा 180 आला म्हणून मशीन बिघडलं असं नाही. 100 च्या वर 15 टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य धरतात. नुसत्या गोळ्या चालू असलेल्या अनेकांना रोज तपासायची गरज नसते, इन्सुलिनवाल्यांना जास्त वेळा लागते. किती वेळा आणि कधी, हे डॉक्टरांकडून चिठ्ठीवरच लिहून घ्या.

एक मात्र लक्षात ठेवा. शुगर खाली जाऊन अंगाला थरथर, घाम, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि त्या वेळी टोचायचा धीर होत नसेल, तर आधी तीन-चार लहान चमचे साखर पाण्यात घालून प्या. 15 मिनिटांनी तपासा, 70 च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच घ्या. माणूस गुंगीत असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना गाठा.

सुई दर वेळी नवी, बोथट सुई जास्त दुखते. एकच पेन घरभर फिरवणं तर अजिबात नको, रक्तातून कावीळ-बीसारखे आजार पसरतात. मशीनमध्ये घालायच्या पट्ट्यांची डबी पावसाळ्यात लगेच बंद करा, दमट हवेत पट्ट्या खराब होतात. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकून झाकण घट्ट लावा आणि घंटागाडीवाल्याला आत सुया आहेत हे सांगून वेगळी द्या.

मशीन नेताना पेन इथेच एकदा चालवून बघा, सुई न घालता. नुसता खटका ऐकायची सवय झाली तरी बराच फरक पडतो.