भांगलणीआधीचं एक पाणी

भात निघालं, मागचा वाटाणा-मसूरही मळून झाला, की बेळगाव-खानापूरकडच्या शिवारात विहीर-बोअरवाल्यांची उन्हाळी भाजीची घाई सुरू होते. भेंडी, गवार, दोडका, काकडी. चोर्ला घाट उतरून गोव्याला जाणारा हा माल वेळेत निघायला हवा, म्हणून रोटर, म्हणजे माती भुसभुशीत करणारं ट्रॅक्टरचं अवजार, मारला की लगेच बी टोकलं जातं. पंधरवड्यात भेंडीच्या दोन पानांभोवती माठ, घोळ आणि केना हे तण दाटतं. मग आयाबाया वाकून ओळीओळीने भांगलण, म्हणजे खुरपणी, करतात. हे कष्ट पुष्कळसे टाळता येतात, आणि म्हणूनच तणाचं बी उगवतं कसं ते समजून घ्यायला हवं.

तणाचं बी मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये विल्यम बील यांनी 1879 साली तणांच्या बिया बाटल्यांत भरून जमिनीत पुरल्या. त्यांतली एक बाटली 2021 मध्ये उघडली, तेव्हाही काही बिया उगवल्या! आपल्या रानातलं प्रत्येक तण इतकं चिवट नसेल, पण एका हंगामात ‘रान निर्मळ’ होत नाही ते यामुळेच.

बारीक बीला आपण किती खोल आहोत हे कळावं लागतं. माठाचं बी जेमतेम मिलिमीटरभर. त्यातल्या शिदोरीवर कोंब दोन-तीन सेंटिमीटर चढेल, फार नाही. म्हणून अशा बऱ्याच बिया उजेडाची वाट पाहतात. त्यांच्यात फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं. उन्हातला तांबडा प्रकाश त्याला जागं करतो. दाट पानांतून गाळून आलेल्या उजेडात तांबडा भाग कमी असतो, तिथे बी झोपून राहतं. माती उलटताना मिळालेला क्षणभराचा उजेडही काही बियांना पुरतो. म्हणजे रोटर जुनं तण गाडतो आणि त्याच फेरीत नवं तण जागं करतो.

म्हणून वाफे, सऱ्या पेरणीच्या दोन-तीन आठवडे आधीच पाडाव्यात आणि एक पाणी द्यावं. वरच्या थरातलं बी उगवून येतं. वाफसा आला, म्हणजे जादा पाणी जिरून मातीत काम करण्याजोगी ओल उरली, आणि तण दोन पानांवर असलं, की खुरप्याने नुसती वरची माती खरवडायची, दोन सेंटिमीटरपेक्षा खोल नाही. मग भेंडी टोकायची. इथे पुन्हा रोटर मारला तर सगळं फुकट गेलं. केना मात्र उपटून रानाबाहेर न्यावा. त्याचे तुकडे ओलीत पुन्हा मुळं धरतात. पुढचे तीस-चाळीस दिवस रान स्वच्छ राहिलं की भेंडीची सावलीच बरंचसं काम करते. कांद्याची पात सावली धरत नाही, त्याला जास्त दिवस जपावं लागतं.

लव्हाळा या गवतासारख्या तणाची गोष्ट निराळी. तो मुख्यतः गाठींतून वाढतो. जमिनीखाली गाठी एका दोऱ्यात ओवल्यासारख्या असतात. टोकाच्या गाठीचा कोंब वाढत असेपर्यंत बाकीच्या बऱ्याचशा दबून राहतात. रोटरने दोरा तुटला की तो दाब जातो आणि गाठ न् गाठ फुटते. प्लास्टिकचं पातळ आच्छादनही त्याचा टोकदार कोंब भोसकून वर येतो. त्याच्यावर चालतं ते ऊन. फाल्गुन-चैत्रात कोरडी नांगरट करून गाठी उघड्यावर आणायच्या आणि पाणी अजिबात द्यायचं नाही. वळीव लवकर आला तर मात्र ओल मिळून उरलेल्या गाठी फुटतात. त्या वेळी कोवळे कोंब मुळासकट वेचावे लागतात.

म्हणजे माठ-घोळीच्या रानाला आधी पाणी हवं आणि लव्हाळ्याच्या रानाला कोरड. एकाच शेतात दोन्ही तुकडे असू शकतात. त्यामुळे मोटर सुरू करण्याआधी कुदळीने चार-पाच ठिकाणी वीतभर उकरून लव्हाळ्याच्या गाठी आहेत का ते पाहावं. नांगरट करून तापत ठेवलेल्या तुकड्यातही अधूनमधून एखादी गाठ कापून बघावी. आतून पांढरी, टणक आणि नागरमोथ्याच्या वासाची असली तर ती जिवंत आहे. तपकिरी, सुकलेली असली तर मेली. जिवंत गाठी निघत असतील तोवर तो तुकडा तापू द्यावा आणि यंदाची भेंडी शेजारच्या तुकड्यात करावी.