‘बापायचेर गेला’पासून ईईजीपर्यंत

चवथीचा पहिला दिवस. आरती अजून व्हायची होती, आणि फोंड्याला बहिणीच्या सासरी तिच्या सात वर्षांच्या मुलाने माटोळीचा, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या छताचा, सुपारीचा घोस खाली खेचला. घोस चौरंगापुढे आदळला तेव्हा सगळ्यांत आधी त्याचाच चेहरा उतरला. "बापायचेर गेला, आनी कितें," आजी कोंकणीत म्हणाली. बापावर गेला, आणखी काय! भावोजींनी लहानपणी याच माटोळीचे तोरिंग हे फळ ओढले होते म्हणे. शाळेच्या डायरीत शेरे साचतच होते. शेवटी डॉक्टर गाठले, आणि त्यांनी ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेची नोंद, करून आणायला सांगितले.

केस शाम्पूने धुऊन, तेलाचा थेंबही न लावता त्याला नेले. टेक्निशियनने टेप काढली. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत मोजले, त्या अंतराच्या दहा आणि वीस टक्क्यांवर लाल पेन्सिलीने खुणा केल्या आणि एकेका खुणेवर पेस्ट लावून चकत्या बसवल्या. मोजायची ही पद्धत १९५८ मध्ये हर्बर्ट जॅस्पर यांनी मांडली. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणे आणि हात न आवरणे, या विकाराच्या इतिहासात जॅस्पर त्याआधी वीस वर्षे येऊन गेले आहेत.

मेंदूत वीज खेळते हे लिव्हरपूलच्या रिचर्ड कॅटन यांनी १८७५ मध्ये ससे आणि माकडांवर दाखवले होते. माणसाच्या मेंदूची नोंद पहिल्यांदा घेतली ती जर्मनीतल्या येना गावी हान्स बर्गर यांनी, १९२४ मध्ये. छापायला मात्र १९२९ उजाडले.

मुलांचा धागा वेगळाच चालला होता. १९०२ मध्ये लंडनच्या जॉर्ज स्टिल यांनी ४३ मुलांचे वर्णन केले आणि त्यांच्यात ‘नैतिक नियंत्रणाचा दोष’ असल्याचे म्हटले. बुद्धी शाबूत, पण हात आवरत नाही. ‘नैतिक’ हा शब्द पुढे फार महागात पडला. आपल्याकडे अजूनही ‘वळण नाही’ म्हणतात, ते काही वेगळे नव्हे.

दोन्ही धागे एकत्र आले ते अमेरिकेत, ऱ्होड आयलंडमधल्या मुलांच्या एका रुग्णालयात. तिथे चार्ल्स ब्रॅडली तपासणीसाठी मुलांच्या पाठीतून पाणी काढत. त्यानंतर उठणाऱ्या डोकेदुखीवर त्यांनी बेंझेड्रिन हे उत्तेजक औषध दिले. डोकेदुखी फारशी हटली नाही, पण अभ्यास सुधारला. मुलेच त्या औषधाला ‘गणिताच्या गोळ्या’ म्हणू लागली. हे १९३७ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी जॅस्पर आणि ब्रॅडली यांनी अशा वागणुकीच्या मुलांचे ईईजी छापले. अनेकांच्या कपाळामागच्या भागात संथ लाटा वाजवीपेक्षा जास्त होत्या.

नावे बदलत राहिली. १९६८ मध्ये अतिचंचलतेवर भर होता, १९८० मध्ये तो लक्षावर आला आणि १९८७ मध्ये आजचे एडीएचडी हे नाव रूढ झाले. आवेगाचा प्रश्न खरा पकडला गेला तो १९८४ मध्ये, गॉर्डन लोगन आणि विल्यम कोवन यांच्या ‘थांबा’ चाचणीमुळे. पडद्यावर खूण दिसली की बटण दाबायचे, पण मध्येच बीप वाजली तर हात आवरायचा. धडधाकट प्रौढाला थांबायला सुमारे पाव सेकंद लागतो. एडीएचडी असलेल्या मुलांना सरासरीने जास्त लागतो. अशा चाचण्यांच्या वेळी डोक्यावर चकत्या लावल्या की खूण दिसल्यानंतर साधारण २०० मिलिसेकंदांनी कपाळाकडच्या भागात एक लाट उमटताना दिसते.

आजीच्या वाक्याचा पुरावा मला सापडतो तो इथे. २००८ मध्ये ब्यॉर्न आल्ब्रेख्ट आणि सहकाऱ्यांनी पटकन बटण दाबायच्या एका चाचणीत एडीएचडी असलेल्या मुलांबरोबर त्यांचे भाऊही बसवले. त्या भावांना विकार नव्हता. तरी त्यांची ती लाट, आणि चूक झाल्याबरोबर उमटणारी दुसरी लाटही, आजारी भाऊ आणि इतर मुले यांच्या मधोमध निघाली. म्हणजे घराण्यातून येते ते दुखणे नव्हे, त्याखालची घडण येते. कुणात ती बाहेर दिसते, कुणात दिसत नाही.

जुळ्यांवरच्या ३७ अभ्यासांची सरासरी काढली तर आनुवंशिकता सुमारे ७४ टक्के निघते. हा आकडा माणसामाणसांतल्या फरकाचा आहे, एका मुलाची ७४ टक्के खोडी बापाची असा हिशेब मांडू नये. २०२३ च्या मोठ्या अभ्यासात जनुकसंचातल्या २७ जागा सापडल्या, आणि प्रत्येकीचा वाटा इवलासा.

मग ईईजीवरून निदान का होत नाही? तसा प्रयत्न झाला. संथ थीटा आणि वेगवान बीटा लाटांच्या प्रमाणावर चालणाऱ्या एका यंत्राला २०१३ मध्ये अमेरिकेत निदानाला पूरक म्हणून मान्यता मिळाली, आणि त्याच वर्षी सगळे अभ्यास एकत्र तपासल्यावर ते प्रमाण भरवशाचे नसल्याचे दिसले. गटांच्या सरासरीत फरक असतो. समोर बसलेल्या एका पोराबद्दल त्यावरून काही ठरवता येत नाही.

भाच्याचा रिपोर्ट नॉर्मल आला. बहीण गोंधळली, म्हणजे याला काहीच नाही? डॉक्टरांनी समजावले की तपासणी फिटसाठी होती. काही मुले वर्गात क्षणभर हरवतात ती एका प्रकारच्या अपस्मारामुळे, आणि त्यात सेकंदाला तीन असे ठरावीक टोकदार झटके कागदावर दिसतात. ते इथे नव्हते. बाकीचे टीचरकडून आणि घरच्यांकडूनच कळायचे. मग ते भावोजींकडे वळले. "तुम्ही शाळेत असताना..."

प्रश्न पुरा व्हायच्या आत भावोजी उत्तर देऊ लागले होते.