हौशी इलेक्ट्रॉनिक्स, कोकण किनाऱ्यावरील

सुटे भाग जोडून घरगुती उपयोगाची सर्किटे बनवणे आणि तयार उपकरणे उघडून त्यांत आपल्या गरजेप्रमाणे फेरफार करणे, हा छंद. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत तो मुख्यतः विहिरीचा पंप, रात्रीची बॅटरी (टॉर्च), गणपतीची आरास आणि भजनाचा ॲम्प्लिफायर यांभोवती फिरतो. सर्किटे पुण्या-मुंबईत बनतात तीच. पण इथली हवा त्यांना टिकू देत नाही. त्यामुळे कोकणातल्या हौशी माणसाचे कसब सर्किटापेक्षा ते ठेवलेल्या पेटीत जास्त दिसते.

समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यासोबत मिठाचे बारीक कण किनाऱ्यालगतच्या घरांत सगळीकडे बसतात. मीठ कोरडे आहे तोवर सर्किटाला त्याचा त्रास नसतो. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मात्र ते हवेतले पाणी ओढून घेऊन विरघळते, आणि पावसाळ्यात कोकणातली हवा बहुतेक वेळ या पातळीच्या वरच असते. मग बोर्डावरच्या शेजारशेजारच्या दोन ट्रॅकमध्ये (तांब्याच्या बारीक रेषांमध्ये) खाऱ्या पाण्याचा पातळ थर साचतो, त्यातून करंट गळू लागतो, तांब्यावर हिरवट पापुद्रा चढतो आणि शेवटी बारीक ट्रॅक तुटतो. मे महिन्यात सुरळीत चालणारे उपकरण ऑगस्टमध्ये आपणहून चालू-बंद होऊ लागले, तर आयसी (अनेक भाग एकात सामावलेली चिप) बदलण्याआधी बोर्ड धुऊन पाहावा.

बोर्ड वाचवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे त्यावर पारदर्शक ॲक्रिलिक लॅकरचा हात देणे. काही जण नेलपॉलिशवर भागवतात. पण त्याआधी सोल्डरिंगच्या फ्लक्सचा (जोड नीट बसावा म्हणून लावलेल्या रसायनाचा) चिकट अंश आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून बोर्ड पूर्ण सुकवावा लागतो. नाहीतर मीठ आणि ओल दोन्ही लॅकरखाली कोंडली जातात. फटी बुजवायला सिलिकॉन वापरताना त्याचा वास पाहावा. व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारे सिलिकॉन सुकताना ॲसेटिक आम्ल सोडते आणि तांबे खाते. सर्किटाजवळ ‘न्यूट्रल क्युअर’ प्रकारचेच हवे. पेटी म्हणून पीव्हीसी पाइपचा तुकडा आणि दोन टोप्या उत्तम काम देतात, मात्र ती पूर्ण हवाबंद करण्याच्या नादाला लागू नये. दिवसा तापलेली पेटी रात्री गार झाली की बारीकशा फटीतूनही दमट हवा आत ओढते आणि ते पाणी आतच राहते. म्हणून तळाला एक छोटे भोक ठेवतात, वायरी खालून आत घेतात आणि पेटीत शिरण्याआधी त्यांना झोल देतात, म्हणजे पाणी तिथूनच गळून पडते. पेटी लावायची ती पडवीत, पश्चिमेची झड लागणार नाही अशा भिंतीवर. एवढे करूनही मुंगळे आणि पाली यांचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो; स्टार्टरच्या काँटॅक्टमध्ये पाल सापडून पंप बंद पडणे ही इथली नित्याची गोष्ट आहे.

नवशिक्याचे पहिले सर्किट बहुधा टाकी भरल्यावर पंप बंद करणारे असते. ५५५ या टायमर आयसीला (१९७२ पासून बाजारात) पुरवठ्याच्या एक-तृतीयांश आणि दोन-तृतीयांश व्होल्टेजवर आपली स्थिती बदलण्याची सोय आहे. तिचा उपयोग करून ‘टाकी रिकामी’ आणि ‘टाकी भरली’ या दोन खुणा पकडता येतात. पुढे बीसी५४७ ट्रान्झिस्टर, त्यावर १२ व्होल्टचा रिले (छोट्या करंटने चालणारा स्विच) आणि रिलेच्या कॉइलवर उलटा जोडलेला १एन४००७ डायोड (रिले बंद होताना उठणारा झटका ट्रान्झिस्टरला बसू न देणारा). हा छोटा रिले थेट मोटरला जोडण्याचा मोह टाळावा. सुरू होताना मोटर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते आणि रिलेचे टोक चिकटून बसते. रिलेने काँटॅक्टर (मोटरचा मोठा करंट झेलणारा स्विच) चालवावा आणि काँटॅक्टरने मोटर. पातळी ओळखण्यासाठी पाण्यात सोडलेल्या तारांवर डीसी व्होल्टेज सतत राहिले तर विद्युत् अपघटनाने धन टोकाची तार झिजत जाते. खाडीकाठच्या मचूळ विहिरींत हे फार लवकर होते. त्यावर तरंगता फ्लोट स्विच हाच टिकाऊ तोडगा. एप्रिल-मेमध्ये विहिरीचा तळ दिसू लागतो तेव्हा मोटर कोरडी फिरून सील जळू नये म्हणून दुसरा फ्लोट विहिरीतही सोडतात.

याच सर्किटाचा पुढचा अवतार म्हणजे फोनवरून चालणारा पंप. आपोआप कॉल उचलणाऱ्या जुन्या मोबाइलच्या हेडफोन वायरीला ८८७० जातीचा डीटीएमएफ डीकोडर आयसी जोडला, की पलीकडून दाबलेल्या आकड्याचा सूर ओळखून तो रिले चालवतो. मुंबईत राहणाऱ्या चाकरमान्याला गावची कलमे शिंपण्यासाठी याहून स्वस्त साधन नव्हते. आता त्याची जागा सिमकार्डावर चालणाऱ्या जीएसएम मॉड्यूलने आणि जिथे वायफाय पोचले आहे तिथे ईएसपी८२६६ सारख्या चिपने घेतली आहे. दरीतल्या वाडीत रेंज नसली की दोन्ही सारखेच निरुपयोगी. तिथे हाताने दाबायचा स्टार्टरच खरा.

पहिल्या पावसात कुर्ल्या (खेकडे) आणि चढणीचे मासे धरायला रात्री बाहेर पडणाऱ्यांसाठी उजेड हा जिव्हाळ्याचा विषय आहे. पूर्वीच्या पेट्रोमॅक्सच्या जागी आलेल्या बॅटऱ्या इथे सर्रास उघडल्या जातात : आतली शिसे-आम्लाची छोटी बॅटरी काढून लॅपटॉपच्या जुन्या पॅकमधले १८६५० जातीचे लिथियम सेल बसवायचे आणि चार्जिंगसाठी टीपी४०५६ मॉड्यूल. हा सेल ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो. जोडणीत सेल जास्त भरू किंवा फार रिकामा होऊ न देणारे संरक्षक सर्किट हवेच, आणि सेलच्या टोकावर थेट सोल्डर मारू नये, उष्णतेने तो आतून बिघडतो. खाऱ्या पाण्यात पडलेला सेल पुन्हा घरात आणून चार्जिंगला लावणे तर सरळसरळ आगीला निमंत्रण.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. विजेचे खांब आडवे झाले आणि श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागांतली अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. अशा वेळी गाडीच्या १२ व्होल्ट बॅटरीवरून फोन भरणे हे प्रत्येकाला येत असावे असे काम आहे. १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणाऱ्या ७८०५ रेग्युलेटरने ते होते, पण एक अँपिअरला सात वॉट नुसते उष्णतेत जातात. छोटा बक कन्व्हर्टर (ऊर्जा फार वाया न घालवता व्होल्टेज उतरवणारे सर्किट) वापरला तर बॅटरी बरीच जास्त पुरते. वळवाच्या आणि परतीच्या पावसातल्या विजांसाठी पुरवठ्यावर व्हॅरिस्टर (अचानक चढलेले व्होल्टेज दाबणारा भाग) लावतात. जवळच वीज पडली तर त्याचा उपयोग मर्यादित असतो. प्लग आणि डिशची केबल दोन्ही उपसून ठेवणे हीच खात्रीची रीत, आणि ती बहुतेक घरांतल्या आज्यांना कोणी न शिकवता ठाऊक असते.

गणपतीत या छंदाला घरच्यांची मान्यता मिळते. ५५५ च्या ठोक्यांवर चालणारा सीडी४०१७ हा दहा आउटपुटांचा काउंटर वर्षानुवर्षे मखराभोवतीचे दिवे पळवत आला; आता डब्ल्यूएस२८१२ जातीच्या एलईडी पट्ट्यांमुळे एका वायरीवर प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा बदलता येतो. हलत्या देखाव्याला भंगारातल्या गाडीच्या वायपरची मोटर चालते. डबलबारी (दोन बुवांच्या सामन्याच्या) भजनांसाठी २एन३०५५ ट्रान्झिस्टरवर बांधलेले ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारे हात मात्र कमी होत चालले आहेत.

सुटे भाग पूर्वी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून येत. चाकरमान्याच्या हाती चिठ्ठी द्यायची आणि तो पुढच्या सणाला सामान घेऊन यायचा. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्यावर ही वाट सोपी झाली, आणि आता माल टपालाने दारात येतो. २०१६ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या अटल इनोव्हेशन मिशनमधून शाळांना टिंकरिंग लॅब मिळू लागल्या, तिथे सहावीपासूनची मुले अर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) हाताळतात.

काही फेरफार कायद्याने बंद आहेत. रानडुकरांसाठी कुंपणात थेट २३० व्होल्ट सोडणे हा गुन्हा आहे आणि त्यात माणसे मरतात. सौर कुंपणाचे यंत्र सेकंदाला साधारण एक, तोही क्षणभराचाच झटका देते. ते घरी बनवण्याच्या फंदात पडू नये. रेंज वाढवणारा मोबाइल बूस्टर परवानगीशिवाय लावता येत नाही. प्रक्षेपणाची हौस असेल त्याने हॅम (हौशी) रेडिओची परीक्षा देऊन परवाना घ्यावा. भारतात त्याचे दोन वर्ग आहेत, आणि मर्यादित वर्गाची संकेतनामे व्हीयू३ ने सुरू होतात.