दालोंच्या मठातले दोन कवी: बेर्त्रान द बोर्न आणि बेर्नार्त द व्हेंतादोर्न

बाराव्या शतकात आजच्या दक्षिण फ्रान्समध्ये ऑक्सितान भाषेत गीते रचणाऱ्या त्रुबादूर कवींविषयी वाचू लागले की दोन नावे हटकून एकमेकांत मिसळतात: बेर्त्रान द बोर्न आणि बेर्नार्त द व्हेंतादोर्न. दोघेही लिमूझँ प्रांताच्या परिसरातले. दोघांचाही संबंध इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याच्या घराण्याशी जोडला जातो आणि दोघांच्याही आयुष्याची अखेर एकाच ठिकाणी झाल्याचे सांगितले जाते, ती म्हणजे दालों येथील सिस्टर्शियन या ख्रिस्ती संन्यासी पंथाच्या मठात. (त्यात भर म्हणून गिरोत द बोर्नेल्ह नावाचा तिसरा त्रुबादूर आहे आणि बेर्त्रानचा बेर्त्रान याच नावाचा मुलगाही कविता करीत असे, त्यांना तूर्त बाजूला ठेवू.) नावांचा गोंधळ थोड्या वाचनाने सुटतो. जुन्या चरित्रांतले एकसारखे वाटणारे वाक्य एकाच्या बाबतीत कागदपत्रांनी सिद्ध होते आणि दुसऱ्याच्या बाबतीत केवळ आख्यायिका उरते, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही.

बेर्त्रान हा जन्माने जहागीरदार होता. लिमूझँ आणि पेरिगोर यांच्या सीमेवर त्याच्या घराण्याची ओतफोरची गढी होती. एका जुन्या चरित्राने त्याला ‘व्हायकाउंट’ ही पदवी आणि हजारभर माणसांचे धनीपण बहाल केले आहे. प्रत्यक्षात तो मध्यम दर्जाचा सरदार होता. ११७८ साली वडील वारले तेव्हा तो विवाहित होता आणि त्याला दोन मुलगे होते. वारशाने आलेल्या गढीत त्याचा भाऊ कोन्स्तान्तिन सहहिस्सेदार होता. पुढच्या प्रकरणांचे मूळ समजायला मराठी वाचकाला ‘भाऊबंदकी’ हा एक शब्द पुरेल, कारण ओतफोरमध्ये जे घडत होते तेच मोठ्या प्रमाणावर राजघराण्यातही चालू होते: दुसऱ्या हेन्रीचा थोरला मुलगा, ज्याला बापाच्या हयातीतच अभिषेक झाल्यामुळे ‘तरुण राजा’ म्हणत, तो आणि अ‍ॅक्विटेनचा ड्यूक असलेला धाकटा रिचर्ड यांच्यात वैर पेटले होते.

११८२ मध्ये बेर्त्रान नॉर्मंडीतील अर्जेंतां येथे हेन्रीच्या दरबारात होता. त्यानंतर तो तरुण राजाच्या पक्षाला मिळाला, लिमोजचा व्हायकाउंट एमार आणि इतर सरदारांना आपल्या गीतांतून रिचर्डविरुद्ध चिथावू लागला आणि त्या कटाच्या शपथेतही सामील झाला. कोन्स्तान्तिन विरुद्ध बाजूला असल्याने बेर्त्रानने त्याला गढीतून हुसकावून लावले. पण ११ जून ११८३ रोजी मार्तेल येथे तरुण राजा अतिसाराने मरण पावला आणि बंडाचा कणाच मोडला. पुढच्याच महिन्यात रिचर्डने अरागॉनचा राजा दुसरा अल्फोन्सो याच्या मदतीने ओतफोर घेतले आणि कोन्स्तान्तिनच्या हवाली केले. त्यानंतर मात्र दुसऱ्या हेन्रीने गढी बेर्त्रानला परत दिली. मृत मुलासाठी बेर्त्रानला झालेले दुःख पाहून राजाचे हृदय द्रवले, असे गीतांच्या आधी जोडलेल्या ‘राझो’ नावाच्या गद्य प्रस्तावना सांगतात. त्याने रचलेले विलापगीत खरेच आहे; राजाचे अश्रू त्या प्रस्तावनाकाराचे असावेत.

बेर्नार्तच्या आयुष्याची अशी महिनेवार हकिगत सांगताच येत नाही. तो व्हेंतादोर्नच्या किल्ल्यातील भट्टी पेटवणाऱ्या नोकराचा मुलगा होता, मालकिणीवर त्याचे प्रेम जडले, तिथून घालवून दिल्यावर तो नॉर्मंडीच्या डचेसकडे म्हणजे दुसऱ्या हेन्रीची पत्नी एलेनॉर हिच्याकडे गेला आणि तिच्याही प्रेमात पडला, ही कथा सर्वत्र आढळते. तिचा उगम शोधू गेल्यास हाती लागते ते पेइरे द आल्व्हेर्न्हे या कवीचे एक गीत, ज्यात त्याने आपल्या समकालीन त्रुबादूरांची एकेक करून टर उडवली आहे आणि बेर्नार्तच्या आईला भट्टीवर कामाला लावले आहे. चरित्राच्या एका पाठात तर लेखक या गीताचाच हवाला देतो! म्हणजे भर मैफिलीतली एक कोपरखळी पुढे आधार म्हणून उद्धृत झाली. बेर्नार्त इंग्लंडपर्यंत गेला असावा, एवढे त्याच्या नॉर्मन भूमीपलीकडच्या खोल, रौद्र समुद्राचा उल्लेख असलेल्या गीतावरून म्हणता येते. एलेनॉरच्या प्रेमाला पुरावा नाही.

दोघांची गीते शेजारी ठेवली की मग चूक होणे कठीण आहे. बेर्नार्तची सुमारे ४५ गीते उरली आहेत आणि ती जवळजवळ सगळी ‘कान्सो’ म्हणजे प्रेमगीते आहेत. त्याचा चंडोल पक्षी सूर्यकिरणांकडे झेपावतो, आनंदाने स्वतःला विसरतो आणि खाली कोसळतो. ते पाहून कवीला त्या पक्ष्याचा हेवा वाटतो. बेर्त्रानला वसंत ऋतू आवडतो तो त्या दिवसांत मैदानावर तंबू उभे राहतात म्हणून. त्याचा हुकमी प्रकार ‘सिर्व्हेन्तेस’, म्हणजे राजकीय उपहासाचे किंवा चिथावणीचे गीत. त्यात तो रिचर्डला ‘होय-आणि-नाही’ असे टोपणनाव देतो आणि पापिओल या आपल्या गायकाला निरोप घेऊन पिटाळतो. त्याने प्रेमगीतेही लिहिली. त्यातल्या एकात, दुरावलेल्या प्रेयसीच्या बदल्यात, निरनिराळ्या स्त्रियांकडून एकेक गुण उसना घेऊन एक आदर्श स्त्री जुळवण्याची भन्नाट कल्पना आहे.

चालींचा फरक मला सर्वांत बोलका वाटतो. बेर्नार्तच्या १८ च्या आसपास गीतांच्या चाली हस्तलिखितांत टिकल्या आहेत. बेर्त्रानची फक्त एक. सिर्व्हेन्तेससाठी नवी चाल बांधण्याची अपेक्षाच नसे, लोकांच्या ओठांवरची एखादी चाल उचलायची आणि तिच्यावर शब्द बसवायचे. एका गीतात बेर्त्रान उघडपणे सांगतो की ही आलामांदाची चाल आहे, म्हणजे वर बाजूला ठेवलेल्या गिरोत द बोर्नेल्हच्या एका गीताची. ज्याला पुढच्या आठवड्यात वेढा फोडायचा आहे त्याचे गीत लवकर पसरायला हवे, आणि ओळखीची चाल ते काम करते.

कीर्तीच्या बाबतीत इटालियन कवी दान्तेने बेर्त्रानला जे दिले ते भयंकर आहे. त्याच्या ‘इन्फर्नो’ या नरकवर्णनाच्या काव्याच्या २८व्या सर्गात तो आपले तुटलेले मस्तक केसांनी धरून कंदिलासारखे हातात घेऊन चालतो, कारण त्याने बाप आणि मुलगा यांच्यात फूट पाडली. बेर्नार्तचे नाव दान्ते घेत नाही. पण ही शिक्षा इतिहासाच्या मापात बसत नाही: तरुण राजाने बापाविरुद्ध पहिले बंड ११७३ मध्ये केले होते, खुद्द आई एलेनॉरच्या पाठिंब्याने, आणि तिथे ओतफोरच्या एका सरदाराच्या चिथावणीची कुणालाच गरज नव्हती. दान्तेने बेर्त्रानची कविता आणि तिच्यापुढच्या प्रस्तावना खऱ्या मानल्या, आणि कवीची बढाई हाच त्याचा गुन्हा ठरला.

आता दालों. बेर्त्रानने या मठाला अनेक दाने दिली होती, त्यामुळे मठाच्या दानपत्रांत त्याचे नाव पुन्हा पुन्हा येते. दुसरी पत्नीही वारल्यानंतर, ११९६ च्या सुमारास, तो तिथे साधू झाला. १२०२ नंतर दानपत्रांतून त्याचे नाव नाहीसे होते. बेर्नार्तच्या बाबतीत मठाचा उल्लेख केवळ त्याच्या चरित्राच्या शेवटी येतो, त्याच चरित्राच्या, ज्याला भट्टीची गोष्ट एका विडंबनातून मिळाली होती. बेर्त्रानच्या थडग्यावर लावायच्या मेणबत्तीसाठी घेतलेल्या मेणाचा खर्च मात्र १२१५ साली नोंदलेला आहे.