कापावं की अख्खं पुरावं? अणुभट्टीच्या दाबपात्राची पार्श्वभूमी

अणुभट्टी मोडीत काढताना फोटो छापून येतात ते शीतकरण मनोरा कोसळतानाचे. अवघड काम त्याच्या आधी किंवा नंतर, बंद इमारतीत, पाण्याखाली चाललेलं असतं. इंधन काढून नेल्यावर उरलेल्या किरणोत्साराचा मोठा वाटा दाबपात्र (इंधन आणि पाणी दाबाखाली धरणारं जाड पोलादी भांडं) आणि त्याच्या आतला, इंधन जागेवर धरणारा स्टेनलेस स्टीलचा सांगाडा यांत असतो. तो पृष्ठभागावर बसलेला नसतो. न्यूट्रॉनांच्या माऱ्याने धातूतच तयार झालेला असतो, म्हणून घासून-धुऊन जात नाही. हा धातू कापायचा की अख्खा उचलून पुरायचा, यावर गेली पन्नास वर्षं वाद आहे. वरवर तो करवतीचा आणि टॉर्चचा वाद वाटतो, पण बहुतेक वेळा निकाल लागला तो पुरायची जागा कुठे आहे आणि ती काय घेते यावर.

सुरुवातीच्या भट्ट्या लहान होत्या, त्यामुळे कापणं आवाक्यात होतं. अमेरिकेत मिनेसोटातली एल्क रिव्हर भट्टी 1971 ते 1974 दरम्यान दूरनियंत्रित प्लाझ्मा टॉर्चने, म्हणजे अतितप्त वायूच्या झोताने धातू वितळवत, पाण्याखाली कापली गेली. जपानमध्ये तोकाईच्या 12.5 मेगावॉटच्या प्रायोगिक भट्टीत 1986 पासून पुढच्या दहा वर्षांत आतला सांगाडा प्लाझ्माने आणि दाबपात्र आर्क-सॉने, म्हणजे विजेच्या ठिणगीने कापणाऱ्या फिरत्या पात्याने कापलं.

या काळातला सगळ्यात उपयोगी प्रयोग बेल्जियममधल्या मोल इथला. तिथली बीआर-3 ही 10 मेगावॉटची भट्टी 1987 साली बंद झाली. तिच्या आतलं औष्णिक कवच (सांगाडा आणि दाबपात्राची भिंत यांच्यामधलं पोलादी नळकांडं) कापताना त्यांनी मुद्दाम तीन पद्धती शेजारीशेजारी वापरून पाहिल्या: प्लाझ्मा, विद्युत ठिणगीने धातू झिजवणं आणि साधी यांत्रिक गोल करवत. प्लाझ्मा वेगवान, पण वितळलेल्या धातूचे बारीक कण पाण्यात पसरतात आणि बुडबुड्यांबरोबर वर येऊन हवेतही जातात. करवत सावकाश चालते, पण तिचा कीस जड असतो, खाली बसतो, गोळा करता येतो. शेवटी पसंती करवतीला मिळाली. पुढे त्याच भट्टीचं दाबपात्रही पाण्यात ठेवून मिलिंग कटर आणि बँडसॉ लावून कापलं. वर्कशॉपमध्ये उमेदवारी केलेल्या कोणालाही हे पटेल. कापायला किती वेळ लागला याइतकंच, मागे साफसफाईला किती लागला हेही मोजावं लागतं.

दुसरा मार्ग दाखवला पेनसिल्व्हेनियातल्या शिपिंगपोर्टने. 1957 साली सुरू झालेली ही भट्टी 1982 साली थांबली. तिचं दाबपात्र न कापता काँक्रीटने भरलं आणि बार्जवरून ओहायो, मिसिसिपी, पनामा कालवा, मग पॅसिफिक किनाऱ्याने कोलंबिया नदीत आणून 1989 साली वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्ड या सरकारी अणुसंकुलात पुरलं. हा प्रकल्प देशापुढचा नमुना म्हणून मिरवला गेला. 60 मेगावॉटची भट्टी बार्जवर मावली, यावरून 1,000 मेगावॉटच्या भट्टीचं काय शिकायचं, हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला होता.

मॅसॅच्युसेट्समधल्या यांकी रो इथे भांडण कापण्याच्या पद्धतीवरून नव्हतं, परवानगीवरून होतं. मोडीत काढण्याच्या आराखड्याला मंजुरी मिळण्याआधीच तिथे आतले भाग कापून बाहेर नेणं सुरू झालं. स्थानिक नागरिक कोर्टात गेले आणि 1995 साली अपील कोर्टाने नियामकाचे कान उपटले. तोवर बरंचसं काम उरकलेलं होतं.

पण सगळ्यात जास्त चर्चा व्हायला हवी ती ओरेगनमधल्या ट्रोजनची. 1,100 मेगावॉटच्या वरची ही भट्टी, वाफजनित्रातल्या नळ्यांच्या दुखण्याने 1993 साली कायमची बंद झाली. 1982 सालच्या अमेरिकी नियमांनी कमी पातळीच्या किरणोत्सारी कचऱ्याचे ए, बी, सी असे चढत्या धोक्याचे वर्ग पाडले होते. सीच्याही वरचा माल उथळ खंदकात पुरायचा नाही, तो खोल भूगर्भात जायला हवा, असा दंडक. सांगाड्यातल्या, इंधनाला चिकटून बसलेल्या पट्ट्या सुट्या मोजल्या तर या वरच्या वर्गात जातात. म्हणजे त्या कापून वेगळ्या काढायच्या आणि सांभाळायच्या.

ट्रोजनच्या मालकांनी वेगळा हिशेब मांडला. सांगाडा कापायचाच नाही. तो दाबपात्रातच ठेवून पोकळीत हलकं काँक्रीट ओतायचं, बाहेरून पोलादी कवच चढवायचं आणि किरणोत्सार मोजताना सरासरी अख्ख्या वस्तूवर काढायची. सरासरी सी वर्गात बसली. पातेलंभर आमटीवर तिखटाची सरासरी काढावी आणि मिरची मात्र एका कोपऱ्यात अख्खीच असावी, तसा हा प्रकार. नियामकाने मान्यता दिली, वाहतुकीच्या पेटीला लागू होणाऱ्या पडण्याच्या कसोटीतही या एका फेरीपुरती काही सूट दिली. ऑगस्ट 1999 मध्ये निळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं, सुमारे 1,000 टनांचं हे धूड बार्जवर चढलं. चार धरणांचे जलपाश ओलांडत सुमारे 430 किलोमीटर वर गेलं आणि हॅनफर्डच्या खंदकात गाडलं गेलं. आत सुमारे 20 लाख क्युरी (किरणोत्सार मोजायचं एकक) किरणोत्सार होता.

बाजू मांडायची तर ती कमकुवत नाही. कापणंच टळल्यामुळे कामगारांना मिळणारा किरणोत्साराचा डोस निम्म्याच्या आसपास येईल आणि लाखो डॉलर वाचतील, असा अंदाज होता. अनेक फेऱ्यांऐवजी नदीतून एकच फेरी झाली. शिवाय त्यातला बराचसा किरणोत्सार कोबाल्ट-60 सारखा, काही दशकांत ओसरणारा. पण सी वर्गाची वरची मर्यादा कोबाल्टसाठी घातलेलीच नव्हती. ती निओबियम-94 सारख्यांसाठी होती, ज्याचं अर्धायुष्य 20,000 वर्षांचं आहे. ते काँक्रीटची सरासरी ओळखत नाही. कामगारांचा डोस आजचा होता, खंदकाशेजारी पुढे राहणाऱ्यांचा दूरच्या भविष्यातला. म्हणून पहिला जिंकला, असं माझं मत.

तरीही ट्रोजन हा पायंडा पडला नाही, आणि त्याचं कारण तत्त्वाचं नव्हतं. हॅनफर्डचा खंदक 1993 पासून फक्त आसपासच्या राज्यांसाठी खुला होता, ट्रोजन त्या यादीत होती. बाकीच्यांना बी आणि सी वर्गासाठी उरला साउथ कॅरोलायनातला बार्नवेलचा खंदक. तिथे ट्रोजनसारखी सवलत न घेता, आधी सगळ्यात जास्त किरणोत्सारी भाग कापून मग उरलेलं दाबपात्र पाठवायची वहिवाट पडली. मेन यांकी आणि कनेक्टिकट यांकी या भट्ट्यांनी कापायला पाण्याची धार वापरली: हजारो बार दाबाच्या धारेत गार्नेट या कठीण खनिजाची वाळू. धार जाड स्टेनलेस स्टील सुरीसारखं चिरते, वाफ नाही, धूर नाही. पण वाळू आणि धातूचा कीस मिळून पाणी गढूळ होतं, कॅमेऱ्याला दिसेनासं होतं, आणि कण फिल्टरमधून निसटून टाकीभर पसरतात. कनेक्टिकटमध्ये ही वाळू गोळा करण्याच्या भानगडीत वेळापत्रक कोलमडलं. मोलच्या करवतीने दहा वर्षांपूर्वी सांगितलेलंच पुन्हा शिकावं लागलं.

मग दारं मिटत गेली. कॅलिफोर्नियातल्या सॅन ओनोफ्रे-1 चं दाबपात्र तयार होऊन बसलं, तर रेल्वेने नकार दिला आणि वजनावरून पनामा कालव्यानेही. ज्या कालव्यातून शिपिंगपोर्टचं गेलं होतं, तोच हा. दक्षिण अमेरिकेला वळसा घालायचा बेतही बारगळला. ते जागेवरच पडून राहिलं आणि 2020 साली आधी रेल्वेने आणि मग रस्त्याने युटातल्या कचऱ्याच्या जागेला गेलं. 2008 च्या मध्यावर बार्नवेलनेही बहुतेक राज्यांना दार लावलं. युटाची जागा फक्त ए वर्गाचा माल घेते. बी आणि सी वर्गाला टेक्सासचा खंदक सुरू होईपर्यंत वाट पाहावी लागली. अशा वेळी अख्खं पाठवण्याचा प्रश्नच उरत नाही. तुकडे करून, प्रत्येक तुकड्याचा वर्ग ठरवून, ज्याचा त्याचा डबा भरावा लागतो. इलिनॉयमधल्या झायनच्या दोन्ही भट्ट्या याच रीतीने कापल्या. सांगाडा पाण्याखाली, दाबपात्र मात्र कोरड्यात, ऑक्सि-प्रोपेन टॉर्चने. जर्मनीत ग्राइफ्सवाल्डने तिसरंच केलं. तिथली दाबपात्रं अख्खी गोदामात नेऊन ठेवली, कापायचं ते किरणोत्सार ओसरल्यावर.

दाबपात्रातच वाफ करणाऱ्या, म्हणजे उकळत्या पाण्याच्या भट्टीचं दाबपात्र तेवढ्याच ताकदीच्या दाबित पाण्याच्या भट्टीपेक्षा आकाराने मोठं असतं, म्हणून अमेरिकेतल्या व्हरमाँट यांकी या अशाच भट्टीचं कापकाम लक्षात ठेवण्याजोगं. तारापूरची 1969 सालची पहिली दोन युनिटं याच जातीची, अमेरिकी बनावटीची.

ट्रोजनचा सांगाडा पंचवीसएक वर्षं जमिनीखाली आहे. मेन यांकीने नियमाप्रमाणे कापून वेगळा काढलेला वरच्या वर्गाचा माल मात्र चार डब्यांत बंद होऊन, वापरलेल्या इंधनाच्या साठ डब्यांशेजारी, किनाऱ्यावरच्या काँक्रीटच्या फरशीवर उभा आहे. त्यासाठी ठरलेली खोल भूगर्भातली जागा अजून बांधलेली नाही.