लर्निंगची परीक्षा: घरी बसून आणि आरटीओत जाऊन

महाराष्ट्रात लर्निंग लायसन्सची परीक्षा घरबसल्या दिली काय नि आरटीओत जाऊन दिली काय, प्रश्न त्याच धर्तीचे असतात आणि १५ पैकी ९ बरोबर आले की पास. फरक आहे तो दिसण्या-वागण्यात, आणि एकीची तयारी दुसरीला लावली की घोळ होतो.

घरी म्हणजे बनियनवर बसलं तरी चालतं, असा समज असतो. कपड्यांपुरता तो खराही आहे. आधारवरून अर्ज केला की लर्निंगवर फोटो आधारचाच येतो. तो शाळेतला असेल तर लायसन्सवरही शाळकरी चेहराच दिसेल, म्हणून आधी आधार अद्ययावत करून घ्या. चेहऱ्याला मात्र घरी सूट नाही, कारण समोर कॅमेरा आहे. खिडकीकडे पाठ करून बसलात तर चेहरा काळा पडतो. उजेड समोरून हवा. चष्म्यात स्क्रीनचा पांढरा चौकोन उमटून डोळे झाकले जात असतील तर स्क्रीनचा उजेड कमी करा. फोन हातात धरू नका, टेकवून ठेवा. हात हलला की चेहरा चौकटीबाहेर जातो.

आरटीओत उलट. तिथे फोटो त्याच दिवशी काढतात आणि तोच लर्निंगवर छापला जातो. गॉगल, टोपी, चेहऱ्यावरचा स्कार्फ काढावा लागतो. पांढऱ्या भिंतीसमोर पांढरा शर्ट घातला तर खांदे दिसेनासे होतात. गडद रंग बरा. सही पॅडवर घेतात, तेव्हा कागदपत्रांवर करता तशीच, सावकाश करा.

वागण्यात सगळ्यात मोठा फरक असा: आरटीओत माणूस असतो, घरी यंत्र. स्क्रीन अडकली तर आरटीओत हात वर करून सांगता येतं. घरी मधेच फोन आला, बॅटरी संपली, ब्राउझरला कॅमेऱ्याची परवानगीच दिलेली नव्हती, तर गाऱ्हाणं ऐकायला समोर कोणी नसतं. त्यामुळे चार्जर लावून ठेवणं, बाकीची अॅप बंद करणं, येणारे कॉल अडवणं हे आधीच करायचं. खोलीत दुसरं कोणी नको. पडद्याआडून उत्तरं सांगणारा दादा ही मदत नव्हे, कॉपी आहे. आणि त्याचं ऐकण्यात प्रश्नाची ठरलेली वेळ निघून जाते, ते वेगळंच.

नापास झालात तर दोन्हीकडे फेरपरीक्षा आहे आणि तिचं शुल्क आहे, ५० रुपये. अर्जासोबतच्या नमुना १ (फॉर्म १) मध्ये स्वतःच्या आरोग्याबद्दल द्यायचा जबाबही दोन्हीकडे तोच: चांगल्या उजेडात २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का? चष्मा लावून वाचता येत असेल तरी चालतं, पण मग परीक्षेलाही तो लावूनच बसा. भाषा निवडताना ज्या भाषेत वाहतुकीची चिन्हं पाठ केली तीच घ्या.

आरटीओत जाणाऱ्यांकडून आणखी एक चूक हमखास होते: स्वतः स्कूटर चालवत येणं. लर्निंगसुद्धा हातात नसताना रस्त्यावर गाडी चालवणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम ३ चा भंग आहे, आणि तोही आरटीओच्याच दारात. परवानाधारकाच्या मागे बसून या, आणि हेल्मेट मागे बसणाऱ्यालाही घालावं लागतं.