मानस: ‘धोक्यात’ गेलं कधी, बाहेर आलं कधी?

आसाममधलं मानसचं जंगल 1928 साली अभयारण्य झालं, 1973 मध्ये व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत आलं आणि 1985 मध्ये काझीरंग्याबरोबरच युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. तिथवरचा इतिहास सरळ आहे.

1987 मध्ये इथल्या बोडो जमातीचं स्वतंत्र बोडोलँड राज्यासाठी आंदोलन सुरू झालं आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत त्याला बंदुकीचं वळण लागलं. भूतानच्या सीमेला चिकटलेलं हे जंगल लपायला सोयीचं होतं. वनचौक्या जाळल्या गेल्या, काही वनरक्षक मारले गेले, उरलेल्यांना आतल्या भागातून माघार घ्यावी लागली. गंमत म्हणजे मानसला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला तो याच धामधुमीत, सप्टेंबर 1990 मध्ये. ऐंशीच्या दशकाअखेर इथे 100च्या आसपास गेंडे होते. नव्वदचं दशक सरेपर्यंत एकही उरला नाही. सगळा दोष बंडखोरांवर टाकायची पद्धत आहे, पण शिंगांचा व्यापार आंदोलनाच्या आधीपासून होता. पहारा उठल्यावर त्याला रान मोकळं मिळालं, एवढंच.

खरा घोळ 1992 चा. त्या वर्षी वारसा समितीने मानसला ‘धोक्यातील’ यादीत टाकलं. भारताने तशी मागणी केलेली नव्हती. जागतिक वारशाच्या मूळ आंतरराष्ट्रीय करारनाम्याच्या कलम 11 मध्ये या यादीसाठी मदतीच्या मागणीचा उल्लेख आहे, आणि तातडीच्या प्रसंगी समितीला कधीही नोंद करता येते, असंही म्हटलं आहे. यातलं कोणतं वाक्य वरचढ, यावर कायद्याचे अभ्यासक अजून भांडतात. दुसरी अडचण शब्दाची. त्याच कलमातल्या धोक्यांच्या यादीत ‘सशस्त्र संघर्ष’ स्पष्टपणे आहे, पण देशांतर्गत बंडाळीला तसं म्हणायला कोणतंही सरकार नाखूश असतं. सरकारी भाषेत तो ‘कायदा आणि सुव्यवस्थेचा प्रश्न’ राहतो. दिल्लीला तो शिक्का अपमान वाटला असेल तर नवल नाही. माझ्या मते मात्र तो योग्यच होता. त्याच्यामुळे निदान दर वर्षी बाहेरून कोणीतरी विचारत राहिलं, की गेंडे किती उरले?

शिक्का निघाला 2011 मध्ये, पण संघर्ष नेमका कधी संपला हे सांगणं अवघड आहे. बोडो आंदोलकांशी झालेला 1993 चा पहिला करार हद्दीच्या वादात फसला. फेब्रुवारी 2003 मध्ये दुसरा झाला, त्यातून स्वायत्त प्रादेशिक परिषद आली, आणि त्याच डिसेंबरमध्ये भूतानने आपल्या हद्दीतले बंडखोरांचे तळ लष्करी कारवाई करून उठवले. तिसरा करार थेट जानेवारी 2020 चा. म्हणजे सावरण्याचं बरंचसं काम अर्धवट शांततेतच झालं.

ते कामही कराराची वाट बघत थांबलं नव्हतं. हिंसाचार ऐन भरात असताना, 1996 मध्ये, इथूनच 6 पिग्मी हॉग (गवतात राहणारी चिमुकली रानडुकरं) पकडून बंदिस्त प्रजनन सुरू झालं. त्यांचे वंशज 2020 पासून मानसच्या गवतात सोडले जात आहेत. गेंड्यांचं पुनरागमन 2006 मध्ये एका अनाथ, माणसांनी वाढवलेल्या मादीपासून सुरू झालं. एप्रिल 2008 मध्ये आसाममधल्याच पोबितोरा अभयारण्यातून दोन नर आले, आणि 2012 पर्यंत पोबितोरा व काझीरंगा मिळून 18 गेंडे आणले गेले. त्यातले काही शिकाऱ्यांनी पुन्हा मारले. बाराशिंगे 2014 मध्ये काझीरंग्याहून आले.

हे सगळं शक्य झालं कारण अधिवास टिकला होता. गवताळ पट्टे मोडले नव्हते, हत्ती-वाघांना नदीपलीकडे भूतानचं जंगल खुलं होतं. आणि 2003 नंतर गस्तीला उतरलेल्या स्थानिक बोडो तरुणांत काही जण पूर्वी शिकार करणारे होते. त्यांना जनावरांच्या वाटा नव्याने शिकवाव्या लागल्या नाहीत.